एर्मिलेकाकांचं अंगण

१८ नोव्हेंबर

नानुली,

जुल्येताने तुझं पत्र परवा आणून दिलं. ती अजूनही हेझलनटची पोती घेऊन पूल ओलांडते. दोन्हीकडचे शिपाई तिला ओळखतात, त्यामुळे पोत्यात कुणी हात घालत नाही. तुझं अक्षर मी पाकिटावरच ओळखलं, पण पत्र लगेच उघडलं नाही. वाटलं, शिव्या असतील, इतक्या वर्षांच्या साठलेल्या. त्या नव्हत्या. असत्या तर वाचायला सोपं गेलं असतं.

तू एकच गोष्ट मागितलीस. दारिकोकाकू आता फार दिवसांच्या सोबती नाहीत आणि त्यांना परक्या गावच्या मातीत जायचं नाही. त्यांना त्यांच्याच अंगणात, एर्मिलेकाकांच्या शेजारी जागा हवी आहे. घर मागितलं नाहीस. संत्र्यांची बाग मागितली नाहीस. आईसाठी बापाच्या शेजारची जागा मागितलीस, आणि तीही 'जमत असेल तर' असं लिहून.

होय, नानुली. यात जमण्या-न जमण्याचं काय आहे? मी आहे ना इथे.

फक्त एक अडचण समजून घे. हे गेले त्याला अजून वर्ष झालं नाही. आमच्या रीती तुला सांगायला नकोत, लहानपणापासून तू त्या कुंपणावरून बघितल्या आहेस. ह्यांचा काळा सूट, शर्ट, टोपी, बूट, सगळं माणूस निजावा तसं पलंगावर मांडून ठेवलं आहे. लोक येतात, कपड्यांपाशी उभे राहून ह्यांच्याशी बोलतात, रडतात, जेवून जातात. साधा माणूस असता तर एव्हाना येणं कमी झालं असतं. हे देशाचे प्रमुख होते, त्यामुळे राजधानीतून अजून मोटारी येतात. अशात पुलापलीकडून शवपेटी आणायची म्हणजे दहा तोंडांना उत्तरं द्यायची. एप्रिलमध्ये वर्षाचं जेवण होईल, कपडे उचलले जातील, मग मी मोकळी. तेवढं काकूंना थांबायला सांग. थांबायला सांग असं लिहिताना कसंतरी होतं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

कबर ठीक आहे. अक्रोडाची पानं पडतात ती मी झाडते. घर उभं आहे. छत नवं आहे.

आणि एक. हे तुला तोंडावर सांगायची वेळच आली नाही. काकांचं जे झालं ते ह्यांना आधी ठाऊक नव्हतं. हे त्या दिवशी राजधानीत होते. मला माहीत आहे म्हणून लिहिते.

एस्मा


२७ डिसेंबर

नानुली,

एवढ्या लांब पत्राला तुझं उत्तर एका ओळीचं आलं. छत कुणी घातलं?

आम्ही घातलं. आमच्या घरावर तोफेचा गोळा पडला होता, तोही आमच्याच बाजूचा, नेम चुकलेला. तुमचं घर दुमजली, रिकामं. हे म्हणाले, "तात्पुरतं." त्या वर्षी सगळं गाव रिकाम्या घरांच्या फाटकांवर खडूने आपापली आडनावं लिहीत होतं. ह्यांनीही लिहिलं. आठवडाभरात पावसाने धुऊन गेलं, तेव्हा रंगाने लिहिलं. मधलं कुंपण काढलं. काकूंचे जमिनीत पुरलेले दारूचे रांजण आम्ही दर शरदात भरत आलो. मंत्री आले की तुमच्या व्हरांड्यात बसायचे आणि दारूची तारीफ करायचे. हे म्हणायचे, "आपल्या मातीची आहे." मी पाव ठेवून आत जायची.

तू गेलीस तेव्हा हे शाळेत इतिहास शिकवायचे आणि लग्नाच्या मेजवान्यांत म्होरके म्हणून बसायचे. पेला हातात घेऊन बोलायला उभे राहिले की ऐकण्याच्या नादात बायका चुलीवरचा मक्याचा घाटा करपवायच्या. त्या पेल्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. मेजवानीतून चौकात, चौकातून संसदेत. लढाईत ह्यांचा आवाज रेडिओवर. मग मंत्री, मग प्रमुख. आम्हाला झेंडा मिळाला, राष्ट्रगीत मिळालं, पोस्टाची तिकिटंसुद्धा मिळाली. त्या तिकिटांवर चित्र कुठलं असावं यावर ह्यांनी दोन महिने बैठका घेतल्या. ती तिकिटं पुलापलीकडे चालत नाहीत, म्हणून माझी पत्रं तुला हेझलनटमधून येतात.

मी आठवी शिकलेली, चहाच्या मळ्यात पानं खुडणारी बाई. ह्यांची पुस्तकं पुसता पुसता वाचायला लागले, मग पुसायचं राहून जायचं. निवडणूक हरल्यावर ह्यांनी स्वतः एक जाड पुस्तक लिहिलं, आमच्या स्वातंत्र्याचा इतिहास. मी ते सगळं वाचलं. आपल्या गावाला त्यात एक वाक्य आहे: 'त्याच आठवड्यात हे गावही हानी न होता मुक्त झाले.' मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि भांडी घासायला गेले. ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान आहे."

गेल्या आठवड्यात सांस्कृतिक खात्याचा रोमान आला होता. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, बोलायला गोड. कपड्यांपाशी रडला, खरंखुरं रडला. मग म्हणाला, "एस्माकाकू, इथे साहेबांचं संग्रहालय करायचं ठरलंय. ह्याच घरात. इथूनच त्यांनी देश चालवला. अंगणात हिरवळ करू, मधोमध पुतळा."

मी म्हटलं, "घर त्यांचं नाही रे."

तो हसला. "आता राष्ट्राचं आहे, काकू."

अंगणात हिंडता हिंडता अक्रोडाखाली थांबला. "आणि हे काय?"

"कबर आहे."

"कोणाची?"

नानुली, मी म्हटलं, "जुने शेजारी होते." नाव घेतलं नाही. तो म्हणाला, "अच्छा," आणि बोटाने हवेत काहीतरी मोजलं.

अजून काही ठरलेलं नाही. वर्षाचं जेवण होऊ दे, मग मी त्याच्याशी नीट बोलेन. काकूंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

एस्मा


१५ जानेवारी

नानुली,

काल आमचं जुन्या पंचांगाचं नवं वर्ष झालं. पहाटेच कुळातले सगळे पुरुष कुळाच्या लोहारभट्टीपाशी जमले. माणशी एक कोंबडा, सगळ्यांचा मिळून एक बोकड. माझं तुला ठाऊकच आहे, मी दुसऱ्या कुळातून आलेली, मला भट्टीच्या दाराच्या आत जाता येत नाही. मी बाहेर घाटा ढवळत होते.

अदगुर आला होता. बारशापासून तुझ्या आईच्या मांडीवर वाढलेला माझा मुलगा आता एक्केचाळीसचा आहे आणि बापाच्या जागेवर संसदेला उभा राहतो आहे. मी त्याला बाजूला घेऊन तुझ्या पत्राचं सांगितलं.

"आई, मतदानाच्या तोंडावर पलीकडची शवपेटी? माझ्या अंगणात?"

"तुझ्या अंगणात नाही. त्यांच्या."

"हे बाहेर असं बोलू नकोस हं. लोक काय म्हणतील, मिक्तातच्या पोराने शत्रूला जमीन दिली."

"दारिकोकाकू शत्रू? गोवर आला होता तेव्हा तुला कुणी सांभाळलं?"

"त्यावेळी मी मतं मागत नव्हतो," तो म्हणाला. हसला. मलाही हसू आलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

मग आतून हातोड्याचा आवाज आला. ऐरणीवर तीन ठोके देऊन म्हाताऱ्या हाजरातआजोबांनी प्रार्थना सुरू केली. मला त्या शरदातला दिवस आठवला. तुझे लोक गाड्या भरून पुलाकडे निघाले होते. तू पोरांना घेऊन निघालीस. काकूही तुझ्याबरोबर, 'दोन आठवड्यांत येते' म्हणत. काका मात्र निघेनात. तू फाटकातून ओरडत होतीस, "बाबा, वेडे झालात का?" आणि काका म्हणाले, "मिक्तातने ऐरणीवर हात ठेवलाय. यांच्यातला चोरसुद्धा तिथे खोटं बोलत नाही."

हे खरं होतं. ह्यांनी कुळासमोर हातोडा उचलून शपथ घेतली होती की ज्याने बंदूक उचलली नाही आणि जो घरात राहील त्याला धक्का लागणार नाही. काका आमच्यातले नव्हते, पण त्या शपथेवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता. तुमच्या कुणाच्या सांगण्याने ते हलले असते. आमच्या ऐरणीने त्यांना बसवून ठेवलं.

तेव्हापासून हे एकदाही भट्टीत गेले नाहीत. दर वर्षी त्याच दिवशी ह्यांना काम निघायचं. कुठे शाळेचं उद्घाटन, कुठे सीमेवरच्या पोरांना भेटणं. वर्तमानपत्रात छापून यायचं, सणाच्या दिवशीही कर्तव्यावर. ह्यांच्या वाटचा कोंबडा मी कुणाच्यातरी हाती पाठवायची. हाजरातआजोबा तो कापायचे नाहीत, नुसता सोडून द्यायचे. संध्याकाळी कोंबडा चालत घरी यायचा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघायचो.

तुटलेली शपथ कशी सोडवायची हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बोकड घेऊन जायचं, ऐरणीसमोर गुडघ्यावर बसायचं, जे झालं ते सगळ्यांसमोर तोंडाने बोलायचं. ह्या माणसाने पन्नास हजार लोकांसमोर भाषणं केली. तेवढं एक भाषण जमलं नाही.

पण ह्यांना आधी कळलं नव्हतं. शपथ मोडली ती दुसऱ्यांनी. मी हे स्वतःला सांगत आले आहे.

एस्मा


२ मार्च

नानुली,

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ह्यांना ठाऊक नव्हतं. ते खोड.

रविवारी कियाझिम आला, पोस्टातला. तोच, ज्याला तू लंगडा कोल्हा म्हणायचीस. तो आजवर भेटायला आला नव्हता. घरात सात-आठ माणसं होती. तो पलंगापाशी उभा राहिला, टोपी काढली, आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागला, जसं चहाच्या पेल्यावरून बोलावं.

"मिक्तात, ऊठ म्हणत नाही मी. पडून ऐक. त्या सकाळी मी पोस्टातून तुला फोन लावला होता. म्हटलं, वरच्या खोऱ्यातली पोरं बंदुका घेऊन उतरतायत, प्यालेली आहेत, एर्मिलेच्या फाटकाशी थांबणार. तू गाडी काढ. नाहीतर नुसता फोनवर ये, मी त्यांच्यातल्या एकाला पकडून आणतो, तुझा आवाज ऐकला तरी परत फिरतील. आणि तू काय म्हणालास? म्हणालास, कियाझिम, आज झेंडा चढवायचाय, उद्या येतो. आलास की! उद्या बरोब्बर आलास. फावडं मीच दिलं तुला."

मग त्याने सुटाच्या बाहीला हात लावला आणि म्हणाला, "आता झोप."

तो दाराशी गेला तेव्हा मी मागे गेले. "कियाझिम, हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस?"

"वहिनी, जिवंत माणसाच्या तोंडावर कसं बोलणार? तो प्रमुख. मी सरकारी नोकर."

"आणि मला?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

नाही विचारलं. काकांना पुरलं त्या दिवशी ह्यांच्या बुटांना चिखल होता आणि कोटाच्या खिशाला झेंड्याच्या रंगाची फीत टोचलेली होती. मी बूट धुतले. फीत काढून कपाटात ठेवली.

सोमवारी मी राजधानीत रोमानकडे गेले. म्हटलं, अक्रोडाखालच्या माणसाचं नाव एर्मिले, घर त्याचं, आणि त्याच्या बायकोला तिथे पुरायची परवानगी पाहिजे. त्याने चहा मागवला. पुलाचं खातं वेगळं, आरोग्याचं वेगळं, आणि सुरक्षेवाल्यांचं तर विचारूच नका म्हणाला. "मुख्य म्हणजे, काकू, एकाला येऊ दिलं की उद्या हजार येतील. मेलेले आणि मग त्यांच्या मागून जिवंत." मग म्हणाला, "साहेबांचं वर्ष होऊ द्या ना. आत्ताच कशाला?"

हे माझेच शब्द होते. मी तुला नोव्हेंबरमध्ये लिहिलेले. त्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं ते कसे लागतात.

तू लिहितेस काकूंनी खाणं सोडलं आहे. एप्रिलला जेवणासाठी सगळं कुळ एकत्र असेल, अदगुर असेल, रोमानसुद्धा येईल. तिथे मी बोलेन, सगळ्यांसमोर. मग त्यांना नाही म्हणता येणार नाही. काकूंना मक्याची पातळ पेज करून दे, वर अक्रोडाची चटणी नको, त्यांना पचत नाही.

एस्मा


२२ एप्रिल

नानुली,

जेवण शनिवारी झालं. मी बोलले. आधी तेच लिहिते, कारण दुसरं लिहायला हात धजत नाही.

तुमच्या आमच्या दोन्ही अंगणांत मिळून मांडव होता. बायका वाढत होत्या, मी पलंगापाशी. कपडे उचलायच्या आधी हाजरातआजोबा शेवटचा पेला घेऊन उभे राहिले. म्हणाले, मिक्तातने शब्द दिला आणि देश उभा राहिला. सगळे उठले. मी तशीच बाहेर आले, पुरुषांच्या पंगतीसमोर. आमच्यात सून अशी उभी राहत नाही. माझ्या सासऱ्यांसमोर मी नऊ वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, "ह्यांनी ऐरणीवर शपथ घेतली आणि मोडली. एर्मिलेकाका त्या शपथेवर बसून राहिले आणि मेले. ह्यांना फोन आला होता आणि हे गेले नाहीत. मी भट्टीत येऊ शकत नाही, म्हणून इथे बोलते. बोकड मी आणलाय. आणि काकांच्या बायकोला ह्या अंगणात जागा द्या."

पेले सगळ्यांच्या हातात तसेच. अदगुर चटकन पुढे आला. "आईला बरं नाही. वर्षभर झोप नाही तिला."

"मला झोप चांगली येते," मी म्हटलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

हाजरातआजोबांनी पेला खाली ठेवला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट. म्हणाले, "पोरी, तू सांगितलंस ते मला ठाऊक आहे. त्याचा कोंबडा मी कधी कापला नाही. पण तुझं बोलणं लागू होत नाही. शपथ आमच्या रक्ताची. ज्याने घेतली त्याने सोडवायची, नाहीतर त्याच्या मुलाने. तू आमच्या घरात आहेस, आमच्या कुळात नाहीस."

बेचाळीस वर्षं ह्या घरात चूल फुंकली. त्या दिवशी कळलं, मला ह्यांच्या पापातही वाटा नाही.

सगळे अदगुरकडे बघायला लागले. मीही. एवढंच त्याने म्हणायचं होतं, 'उद्या भट्टीत येतो.' त्याने बाटली उचलली आणि आजोबांचा पेला भरला. तो भरलेलाच होता. दारू मेजावर सांडली. मग वाढपी बायकांनी घेवड्याची पातेली आणली आणि माणसं बसली.

बोकड संध्याकाळी मी कियाझिमला देऊन टाकला.

आणि रविवारी जुल्येता आली. हातात पोतं नव्हतं. तिने सांगितलं की काकू गुरुवारीच गेल्या. मी विचारलं, मला का नाही कळवलं? ती म्हणाली, "नानुली म्हणाली, शनिवारी एस्माच्या घरचं जेवण आहे, होऊ दे. अशा दिवशी शेजारणीला वाईट बातमी द्यायची नाही."

नानुली, तू हे का केलंस?

तू रीत पाळलीस. काकू तिकडे त्या नगरपालिकेच्या जागेत, रस्त्याच्या कडेला, ओळीत. मी नोव्हेंबरमध्ये 'थांबायला सांग' म्हटलं होतं. त्या थांबल्या. माझ्या सांगण्याने थांबल्या आणि मी जेवणाच्या तयारीत होते. ह्यांनी झेंड्यासाठी 'उद्या' म्हटलं, मी मांडवासाठी म्हटलं. आमच्या घरात कपड्यांच्या घड्या वेगळ्या असतील, कापड एकच.

जुल्येताने तुझी चिठ्ठी दिली. तीन शब्द. आता बाबांना पाठव.

पाठवते.

एस्मा


६ मे

नानुली,

परवानगी मिळाली. किती वेळ लागला ते सांगू? रोमानच्या टेबलावरचा चहा निवायच्या आत.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. म्हटलं, काकांना बाहेर न्यायचं आहे, पुलापलीकडे, बायकोशेजारी. तो उठून उभा राहिला आणि माझे दोन्ही हात धरले. "एस्माकाकू, किती मोठं मन! आम्हाला हेच सुचवायचं होतं, धीर होत नव्हता." पुलाच्या खात्याला त्याने माझ्यासमोर फोन लावला. आरोग्याची सही शेजारच्या खोलीतून आली. सुरक्षेवाल्यांचं विचारलं तर म्हणाला, "बाहेर जाणाऱ्याची कसली सुरक्षा?" सरकारी गाडीही देत होता, वर फुलं. मी नको म्हटलं.

अदगुरला कळलं तेव्हा त्याने मला मिठी मारली. वर्षभरात पहिल्यांदा. "आई, तू सगळ्यांची अडचण सोडवलीस."

एकीला आत यायला सहा महिने पुरले नाहीत. एकाला बाहेर जायला एक सकाळ पुरली.

काल कियाझिमने आणि मी खणलं. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुला सांगायला हवं म्हणून सांगते: रबरी बूट आहेत, त्या दिवशी ते गोठ्यातून येत होते. पट्ट्याचं बक्कल आहे. बाकी सगळं मी पांढऱ्या सुती चादरीत नीट ठेवलं आहे, डोकं वरच्या बाजूला. कियाझिम सारखा म्हणत होता, "सांभाळून काका, पायरी आहे." पायरी कुठे होती? पण तो म्हणत होता आणि मला बरं वाटत होतं.

पेटी लहान आहे. बघून घाबरू नकोस.

गुरुवारी सकाळी पुलावर ये. गाडी मधल्या दांड्यापर्यंतच येऊ देतात, पुढे कियाझिम आणि मी उचलून आणू. तुझ्याकडून दोन माणसं असू देत. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

एस्मा


१४ मे

नानुली,

तू वळून गेल्यावर पुढे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या बाजूच्या चौकीवर परतताना शिपायाने कागद बघितला. वीस-बावीसचा पोरगा, लढाईनंतर जन्मलेला. त्याने मला ओळखलं, टाचा जुळवून सलाम केला. म्हणाला, "साहेबांच्या पत्नी ना? आजी, एवढ्यासाठी तुम्ही स्वतः आलात? आता तुमच्या गावात पलीकडच्यांचं कुणीच राहिलं नाही म्हणा." तो मला शाबासकी देत होता. कियाझिमने माझा दंड धरून मला पुढे नेलं.

खरंच कुणी राहिलं नाही. तुमचे जिवंत सगळे त्या शरदात गेले. एकटे काका उरले होते, आणि ते अक्रोडाखाली आहेत तोवर ते अंगण कुणाचं हे निदान जमिनीला ठाऊक होतं. ह्यांचं जे काम अपुरं राहिलं होतं ते माझ्या हाताने पुरं झालं. कुणी मला सांगितलं नाही, कुणी जोर केला नाही. मी स्वतः खणलं, आणि तुझ्यासाठी खणलं, आणि तरी झालं ते त्यांच्याच मनासारखं.

घरी आले तर रोमानची माणसं येऊन गेली होती. खड्डा बुजवून वर हिरवळीच्या पट्ट्या अंथरल्या होत्या, गालिच्यासारख्या. अक्रोड होता तिथेच होता, पण त्याच्यापासून कुठल्या बाजूला, किती लांब, ते मला सांगता येईना. रोज झाडलेली जागा. मी चप्पल काढून त्या गवतावर हिंडले. पायाला सगळीकडे सारखंच लागत होतं.

मी कियाझिमच्या मागच्या खोलीत राहायला आले आहे. किल्ल्या अदगुरला दिल्या. पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे, मी फीत कापावी असं त्यांचं म्हणणं आहे. मी जाणार नाही. याने काही भरून येत नाही, ठाऊक आहे मला. न गेलेल्या बाईची खुर्ची काढून ठेवतात, एवढंच होतं.

आता पुलावरचं.

तू काळ्या रुमालात आली होतीस. केस पांढरे झाले आहेत तुझे. पेटी तुझ्याबरोबरच्या दोघांनी घेतली, तू झाकणावर हात ठेवलास आणि तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालीस. मी मान खाली घालून उभी होते. वाट बघत होते. तू थोबाडीत मारली असतीस तर मी ती घेऊन घरी आले असते आणि रोज आरशात बघितली असती. थुंकली असतीस तरी चाललं असतं. मी त्यासाठीच स्वतः आले होते, नानुली, कियाझिमला एकट्याला पाठवता आलं असतं.

आणि तू माझा हात हातात घेतलास, लोक बघत असताना, आणि आमच्या भाषेत, जशी कुंपणावरून वाटी परत करताना म्हणायचीस तसं म्हणालीस, "उपकार झाले गं, एस्मा."

हे पत्र मी फक्त त्यासाठी लिहिते आहे. ते परत घे.

एस्मा